कुत्रा बाइकवर शांत बसतो म्हणजे तो सेफ आहे असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्याला बाइकवरून नेणं सेफ आहे का, असं कुत्रा पाळणारे एकमेकांना सतत विचारत असतात आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, आमचा अगदी शांत बसतो हो, काही होत नाही, उलट त्याला आवडतंच. मला या उत्तराबद्दलच लिहायचंय. कुत्रा शांत बसतो यावरून एवढंच कळतं की त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. ब्रेक लागल्यावर त्याचं काय होणार हे त्यावरून कळत नाही, आणि सेफ आहे की नाही ते ठरतं त्या ब्रेकच्या एक-दोन सेकंदातच. माझं मत आधीच सांगून टाकते, टाकीवर, मांडीवर, स्कूटरच्या फूटबोर्डवर किंवा मागे बसलेल्याच्या हातात, कसाही मोकळा कुत्रा दुचाकीवर नेणं सेफ नाही, मग तो कितीही ट्रेन केलेला असो आणि तुम्ही कितीही हळू चालवा. गाडीला नीट बोल्ट केलेली त्याच्या मापाची पेटी असेल किंवा साइडकार, म्हणजे बाइकच्या बाजूला जोडलेली एका चाकाची बैठक, असेल तर धोका बराच कमी होतो, संपत मात्र नाही. कायद्यात बसतं का, दंड होतो का हा वेगळा विषय आहे, प्रत्येक देशात त्याचे नियम वेगळे, मी बोलतेय ते कुत्र्याच्या जिवाबद्दल.

टाकीवर बसलेल्या कुत्र्याचे पंजे कधीतरी जवळून बघा. टाकी गोल असते, गुळगुळीत असते, वरून चकचकीत रंग. कुत्र्याची नखं मातीत रुततात, पत्र्यावर रुतायला काहीच नसतं, तिथे ती नुसती सरकतात आणि मागे बारीक ओरखडे राहतात. गाडी सुटली की तो पुढचे दोन्ही पाय ताठ करतो, बोटं फाकवतो, मागचं अंग चालवणाऱ्याच्या पोटाला टेकवतो, आणि आपण म्हणतो बघा कसा ऐटीत बसलाय. वळण आलं की माणूस आधीच अंदाज घेऊन अंग कलतं करतो, पण कुत्र्याला वळण येतंय हे कळायला मार्गच नाही, त्याला ते पायाखालची टाकी तिरकी झाल्यावरच कळतं आणि मग घाबरून तो उलट्या बाजूला जोर देतो. मागे बसलेला नवखा माणूस असं करतो तेव्हा गाडी कशी डगमगते हे बाइक चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये, आणि इथे तर ते वजन हँडलच्या अगदी जवळ, क्लच-ब्रेकवरच्या दोन हातांच्या मधोमध हलतंय.

आता ब्रेकचं गणित, ते फार अवघड नाही. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला की गाडीवरच्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या साधारण ०.७ पट जोराचा धक्का पुढे बसतो, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला १४ किलोचा. गुळगुळीत टाकीवर चार पंजे हा जोर पेलू शकत नाहीत, कुत्रा पुढे सरकणार आणि हँडलवर येणार, नेमकं त्याच क्षणी जेव्हा तुम्हाला हँडल सगळ्यात जास्त लागतंय. आणि हा झाला नुसता ब्रेक, टक्कर वेगळीच. ताशी ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, त्या स्पीडने पुढच्या थांबलेल्या गाडीवर कुत्रा आदळला तर तो मार साधारण ६ मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या आसपासून पडण्याइतका असतो. लोक म्हणतात आम्ही २५ च्या वर जातच नाही. ठीक आहे, २५ ला हिशोब करा, अडीच मीटर उंची येते. स्वतःच्या कुत्र्याला अडीच मीटरवरून रस्त्यावर टाकायला कोणी तयार होईल का?

छोटा कुत्रा असेल तर मागे बसलेला घट्ट धरून ठेवतो, असंही सांगतात. ८ किलोचा पग धरलाय असं समजू. ब्रेकमध्ये साडेपाच किलोचा झटका येईल, तो हातांनी सांभाळता येईलही. पण ४० च्या स्पीडवरून गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली तर त्याच ८ किलोचा जोर ९० किलोच्या आसपास जातो, आणि ९० किलो कोणाच्याच हातात राहत नाहीत, आईच्याही नाही. शिवाय दोन्ही हात कुत्र्यात अडकल्यामुळे मागे बसलेल्याला स्वतःला धरायला हात उरत नाही, म्हणजे एकाच्या जागी दोघं जाणार.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा उपाय म्हणजे पट्ट्याने बांधून टाका, आणि तोच मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. गळ्यातला पट्टा गाडीला बांधलेला आणि कुत्रा घसरला किंवा त्याने उडी मारली, की तो गाडीच्या बाजूला गळ्याने लटकतो, श्वासनलिका आणि मानेचे मणके दोन्हीवर सगळं वजन येतं आणि गाडी थांबेपर्यंत तो फरफटतो. लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, हँडलला गुंडाळली असेल तर हँडल वळेना, हातात सैल धरली असेल तर ती चाकात किंवा चेनमध्ये जायला वेळ लागत नाही. आणि गाडी आडवी झाली तर बांधलेला कुत्रा गाडीखालीच. छातीचा हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारे पट्टे, गळ्याच्या पट्ट्यापेक्षा केव्हाही बरा, पण तो पेटीच्या आत, आखूड दोरीने, इतकी आखूड की आडवं पडता येईल पण बाहेर उडी मारता येणार नाही, तेव्हाच त्याचा उपयोग. उघड्या सीटवर हार्नेस म्हणजे नुसतं मनाचं समाधान.

फूटबोर्डचंही तेच. लोकांना ती जागा सुरक्षित वाटते कारण ती खाली आहे आणि दोन पायांच्या मधे आहे. पण कुत्रा तिथे कधीच पूर्ण मावत नाही, त्याचं डोकं एका बाजूने बाहेर असतं, शेपूट दुसऱ्या बाजूने, आणि ते बाहेर आलेलं डोकं नेमकं शेजारून जाणाऱ्या गाड्यांच्या बंपरच्या उंचीला. त्याला जागा द्यायला चालवणारा आपले पाय बाहेर काढून चालवतो. कुत्र्याने मान वर केली की ती हँडलच्या खाली अडते आणि वळवताना हँडल अर्ध्यातच थांबतं. समोर दुसरा कुत्रा दिसला की संपलंच, कारण कुत्र्याची नजर माणसापेक्षा खूप जास्त बाजूंना पोचते, तुम्हाला न दिसलेलं मांजर त्याला दिसलेलं असतं, आणि पळणाऱ्या वस्तूमागे धावणं हे त्याच्या रक्तात आहे, तिथे ट्रेनिंग दहापैकी नऊ वेळा कामी येईल पण दहावी वेळ चालत्या गाडीवर आली तर काय करणार.

पाठीवरच्या बॅगा आणि छातीवर बांधायच्या झोळ्याही हल्ली खूप दिसतात. मागे पडलात तर तुम्ही कुत्र्यावर पडता, पुढे आदळलात तर तो तुमची छाती आणि हँडल यांच्या मधे सापडतो. यापेक्षा जास्त काही लिहायची गरज नाही.

टक्कर, घसरणं हे कधीतरी होतं, पण उष्णता, आवाज आणि वारा हे तर रोजचं आहे, आणि त्याकडे लोकांचं लक्षच नसतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या तळव्यांना थोडाफार येतो तेवढाच, बाकी सगळं अंग तो जीभ बाहेर काढून धापा टाकूनच गार करतो. त्याचं नॉर्मल तापमान साधारण ३८ ते ३९ डिग्री सेल्सिअस, ४१ च्या पुढे गेलं की जिवाशी गाठ. गाडीवर खाली इंजिन तापलेलं, वरून ऊन, आणि ट्रॅफिकमध्ये थांबलात की वाराही बंद. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धड श्वासच घेता येत नाही, त्यांना उन्हात गाडीवर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सायलेन्सरला एकदा पाय टेकला की चामडी भाजतेच, आणि उन्हात डांबर ५०-६० डिग्रीपर्यंत सहज तापतं, तिथे उतरवून ठेवलं तरी तळवे पोळतात.

कानाचं तसंच. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. मोकळ्या हायवेवर स्पीडला वाऱ्याचा आवाज हेल्मेटच्या आतसुद्धा ९० डेसिबलच्या वर जातो, आणि कुत्र्याच्या कानावर तर हेल्मेटही नाही. डोळ्यांत धूळ, वाळूचे कण, किडे सरळ येऊन आदळतात, बुबुळाला जखम होते आणि ती दोन दिवसांनी डोळा लाल झाल्यावर, तो पंजाने चोळायला लागल्यावर आपल्याला कळते. कुत्र्यांचे गॉगल मिळतात, डोळ्यांपुरते ते चांगले आहेत, जरूर घाला. पण कुत्र्यांचं हेल्मेट म्हणून जे विकलं जातं त्याबद्दल सावध राहा. माणसांच्या हेल्मेटला युरोपातलं ईसीई, अमेरिकेतलं डॉट अशी स्टँडर्ड आहेत, ती पास करावी लागतात, कुत्र्यांच्या हेल्मेटला तसं सगळीकडे मानलं जाणारं काही नाही.

आणि आता ते “त्याला आवडतं” बद्दल. काही कुत्र्यांना खरंच आवडतं, मी नाही म्हणत नाही, गाडीचा आवाज ऐकून शेपूट हलवत धावत येणारे कुत्रे सगळ्यांनीच पाहिलेत. पण गाडीवर बसल्यानंतर त्याच्याकडे बघा. तोंड उघडं, जीभ बाहेर, ओठांचे कोपरे मागे ओढलेले, याला आपण हसतोय म्हणतो. बरोबर कान मागे चिकटलेले असतील, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत असेल, तो पुन्हा पुन्हा नाक चाटत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, अंग कडक असेल, तर तो घाबरलाय. तोंडातून लाळ गळत असेल तर मळमळतंय. आणि तरीही हलत नाही, कारण हलायला जागा नाही आणि मालक म्हणतो बस म्हणून तो बसलाय. अशा कुत्र्याला लोक सगळ्यात शहाणा म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वस्तू चांगल्या दर्जाची घेतली की झालं, असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची संस्था आहे, लिंडसी वोल्को यांनी ती २०११ मध्ये काढली. त्यांची स्वतःची कुत्री कारमध्ये हार्नेस घातलेला असूनही जोरात ब्रेक लागल्यावर जखमी झाली होती, त्यातून हे काम सुरू झालं. २०१३ मध्ये या संस्थेने बाजारातल्या कारच्या हार्नेसची क्रॅश टेस्ट केली, खरे कुत्रे नाही, कुत्र्याच्या वजनाचे पुतळे बांधून, आणि पुतळ्याला प्रत्येक वेळी सीटवर रोखून धरणारा हार्नेस एकच निघाला. बाकीच्यांतले कित्येक “सुरक्षित” म्हणूनच विकले जात होते. ही कारमधली गत, जिथे चारी बाजूंनी पत्रा आहे आणि गाडी आडवी पडत नाही. बाइकवर तो पत्राही नाही.

मग न्यायचंच असेल तर कसं? पेटी. कडक, बंद होणारी, सगळ्या बाजूंनी हवा जाईल अशी जाळी असलेली, आत रबरी मॅट, उभं राहून वळता येईल आणि आडवं पडता येईल एवढी मोठी, पण त्याहून मोठी नको, नाहीतर प्रत्येक ब्रेकला तो आतल्या आत आपटणार. बंजी कॉर्डने, म्हणजे हुकाच्या रबरी दोरीने, अडकवलेली टोपली म्हणजे पेटी नव्हे, पेटी गाडीच्या फ्रेमला किंवा मजबूत रॅकला बोल्टने पक्की पाहिजे. ती जितकी खाली आणि मागच्या चाकाच्या जितकी पुढे तितकं बरं, फार मागे आणि उंच ठेवली की पुढचं चाक हलकं होतं, हँडल डगमगतं, आणि कुत्रा हे सामानासारखं गप्प राहणारं वजन नाही, तो आत कूस बदलतो तेव्हा गाडीला कळतं. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या कॅरिअरची क्षमता ५-१० किलोच असते, पेटीचंच वजन तेवढं भरतं, तेव्हा मॅन्युअल उघडून आकडा बघा, अंदाजावर जाऊ नका. याचा सरळ अर्थ असा की लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड असे मोठे कुत्रे सोलो बाइकवर सेफपणे जाऊच शकत नाहीत. त्यांच्यासाठी साइडकार हाच काय तो मार्ग, तीन चाकांमुळे थांबल्यावर गाडी पडत नाही आणि कुत्रा खाली, हार्नेस लावून बसू शकतो. फक्त साइडकारची गाडी चालवणं पूर्ण वेगळं आहे, ती वळणात झुकत नाही, साइडकारच्या बाजूला जोरात वळलं तर तिचं चाक उचललं जातं, तेव्हा आधी रिकामी चालवून, मग वजन ठेवून हात बसवा, कुत्रा सगळ्यात शेवटी.

सवय लावायला वेळ द्या. आधी पेटी घरातच उघडी ठेवा, तो आपणहून आत जाऊन झोपायला लागेपर्यंत. मग बंद गाडीवर, मग इंजिन चालू करून उभ्या गाडीवर, मग मोकळ्या मैदानात पायी चालण्याच्या स्पीडने, आणि कुठल्याही पायरीला तो थरथरला तर एक पायरी मागे. काही कुत्रे कधीच तयार होत नाहीत, ते मान्य करा. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. लहान पिल्लू, म्हातारा, सांधे दुखणारा, हृदयाचा किंवा फिटचा त्रास असलेला कुत्रा, गाभण कुत्री, यांना नेऊच नका. आणि झोपेची गोळी देऊन नेण्याचा सल्ला कोणी दिला तर व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, विचारल्याशिवाय अजिबात ऐकू नका, गुंगीतल्या कुत्र्याचा तोल जातो आणि अंग गार ठेवण्याची ताकदही कमी होते.

एका गोष्टीचा विचार मी कोणालाच करताना बघितला नाही, ती म्हणजे पडल्यानंतर काय. तुम्ही रस्त्यावर पडलात, बेशुद्ध आहात असं धरा. कुत्रा एकतर जिवाच्या आकांताने ट्रॅफिकमधून पळत सुटेल, नाहीतर तुमच्याशेजारी उभा राहील आणि मदतीला येणाऱ्या प्रत्येकावर धावून जाईल, कारण त्याच्या दृष्टीने तो तुम्हाला वाचवतोय. लोक मागे हटतील आणि तुमची मोलाची मिनिटं जातील. म्हणून हार्नेसवर फोन नंबरचा टॅग हवाच, आणि तो तुमच्या स्वतःच्या फोनचा नको, घरच्या दुसऱ्या कोणाचा तरी हवा, कारण तुमचा फोन त्या वेळी तुमच्याच खिशात वाजत असणार. सामानात एक कापडी मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला बांधायची पट्टी, आणि जादा लीश ठेवा, मदत करणाऱ्याला ते उपयोगी पडेल. जखमी कुत्रा मालकालाही चावतो, वेदनेने, त्यात त्याचा दोष नसतो.

सगळ्यांकडे कार नसते हे मला माहितीये आणि ज्यांच्याकडे फक्त दुचाकी आहे त्यांनी कुत्रा पाळूच नये असं मी मुळीच म्हणत नाहीये. अर्ध्या तासाचं अंतर असेल तर चालत न्या, कुत्र्याला तेच जास्त आवडेल. व्हेट घरी येतात का विचारा, लसीसाठी बरेच जण येतात. शेजाऱ्याच्या गाडीसाठी शब्द टाका. कुत्रा जखमी आहे, रात्रीची वेळ आहे आणि दुसरं काहीच मिळत नाही, अशी वेळ आली तर आधी व्हेटला फोन करा, मग दोघं जा, एकाने फक्त चालवायचं, दुसऱ्याने चादरीत गुंडाळलेला कुत्रा मधे धरायचा, तोंड मोकळं ठेवायचं, वळणं सावकाश घ्यायची. तो नाइलाज आहे, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण नाइलाज म्हणून केलेली गोष्ट रोजची करायची नसते.

संपादकसाहेब, तुमच्याकडे गाड्यांची पुरवणी निघते, तिच्यासाठी एक विनंती आहे. बाइकवर कुत्रा न्यायच्या बॅगा, सीट, टोपल्या विकणाऱ्या कंपन्यांना तुमच्या प्रतिनिधीने सरळ तीन प्रश्न विचारावेत, ही वस्तू किती वजनाच्या पुतळ्यावर टेस्ट केली, किती स्पीडला केली, आणि गाडी आडवी पडल्यावर आतला पुतळा आतच राहिला का. जी उत्तरं येतील ती जशीच्या तशी छापा, आणि ज्या कंपनीने उत्तर दिलं नाही तिच्या नावापुढे जागा रिकामी सोडा.

आपली नम्र,
एक श्वानप्रेमी वाचक